जागा नाही म्हटल्यावर
(दहावी १९९२ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवून दिला आहे. फोनवर सांगितलं, "तू पुण्यात नेमकं काय करतोस ते सांग, पण आम्हाला कळेल असं सांग." ही दुसरी अट अवघड आहे. मी गावाकडं आलो की "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगतो. मग कुणीतरी बंद पडलेला प्रिंटर पुढे आणून ठेवतो, कुणी मोबाइल. मला यांतलं काहीच दुरुस्त करता येत नाही, आणि त्यामुळं हा बीडचा गडी तिकडं पगार कशाचा घेतो, अशी शंका बऱ्याच जणांच्या मनात आहे हे मला ठाऊक आहे.

तर मी सिस्टिम सॉफ्टवेअर लिहितो. म्हणजे पडद्यावर दिसणारं काही नाही. तुम्ही फोटो काढला, तो डिस्कवर नेमका कुठं ठेवायचा, अर्धवट लिहिला जात असताना वीज गेली तर काय करायचं, उद्या मागितला तर जसाच्या तसा परत कसा द्यायचा, हे सांभाळणारा जो खालचा थर असतो, तो. नळाला पाणी आलं की आपण नळाकडं बघतो, जमिनीखालच्या पाइपाकडं कुणी बघत नाही. मी पाइपवाला आहे. पुण्यात या कामाला मोठी परंपरा आहे. सी-डॅक १९८८ साली निघालं आणि १९९१ मध्ये, म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हा, त्यांनी परम ८००० हा महासंगणक उभा केला. पुढं डेटा साठवण्याच्या सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या कंपन्या पुण्यात आल्या आणि आमच्यासारख्यांना कामं मिळाली.

या सगळ्या कामातली एकच बारीक गोष्ट आज सांगणार आहे. प्रोग्रामने मेमरी मागितली आणि ती मिळाली नाही, तर काय करायचं? ऐकायला अगदी क्षुल्लक वाटेल. माझी निम्मी नोकरी याच एका प्रश्नात गेली आहे.

आपल्यापैकी तिघे-चौघे आडतीच्या धंद्यात आहेत, म्हणून गोदामाचं उदाहरण घेतो. समजा एक मोठं गोदाम आहे आणि दारात रखवालदार आहे. तुम्ही म्हणता, "वीस पोत्यांची जागा द्या." तो वही बघतो आणि एक चिठ्ठी देतो. चिठ्ठीवर जागेचा नंबर. तुम्ही त्या नंबरावर पोती लावता, काम झालं की चिठ्ठी परत करता, जागा मोकळी होते. कॉम्प्युटरची मेमरी हे गोदाम. सी नावाच्या भाषेत रखवालदाराचं नाव मॅलॉक. ही भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी तयार केली, आणि आजही जगाचं बरंचसं खालच्या थरातलं सॉफ्टवेअर तिच्यातच आहे.

आता गोदाम भरलं. तुम्ही जागा मागितली. रखवालदार भांडत नाही, ओरडत नाही. तोही एक चिठ्ठीच देतो, फक्त तिच्यावर शून्य लिहिलेलं असतं. आमच्या भाषेत नल. शून्य म्हणजे जागा नाही. सगळी गोम इथंच आहे. नकाराची चिठ्ठी आणि होकाराची चिठ्ठी दिसायला सारखीच असते. उघडून वाचली नाही तर हमाल पोती घेऊन शून्य नंबरच्या जागेवर निघतो. अशी जागाच नसते. बहुतेक वेळा प्रोग्राम तिथंच कोसळतो. हा बरा प्रकार. कोसळला म्हणजे निदान कळलं तरी.

वाईट प्रकार वेगळा आहे. समजा हमालाला सांगितलं होतं, "चिठ्ठीवरच्या नंबरापासून पुढं पाच हजार पावलं मोज आणि तिथं पोतं ठेव." चिठ्ठी शून्याची, पण शून्यापासून पाच हजार पावलांवर दुसऱ्या कुणाचा तरी माल लागलेला असू शकतो. आता पोतं दुसऱ्याच्या मालावर पडलं आणि कुणालाच पत्ता नाही. हे मी रंगवून सांगत नाही. २००८ मध्ये मार्क डाउड नावाच्या सुरक्षा-संशोधकानं नेमकं हेच करून दाखवलं. त्या काळी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि खेळ ज्या फ्लॅश प्लेअरवर चालत, त्यात एका ठिकाणी मेमरी मागितली जायची आणि उत्तर न बघता पुढं लिहिलं जायचं. किती मेमरी मागायची हा आकडा समोरून आलेल्या फाइलमधला, आणि किती पावलं पुढं लिहायचं हेही फाइलच्याच हातात. त्यानं आकडा एवढा अवाढव्य दिला की नकार येणारच. आणि मग शून्यापासून मोजत मोजत त्याला हव्या त्या जागी हवं ते लिहून घेतलं. म्हणजे नुसतं पान उघडलं की तुमचा कॉम्प्युटर परक्याच्या ताब्यात. तोवर बरेच लोक असं मानून चालत होते की शून्याची चिठ्ठी फार तर प्रोग्राम पाडेल, त्यापेक्षा जास्त काही करणार नाही. त्या दिवसापासून ते म्हणणं संपायला हवं होतं. संपलं नाही, ही वेगळी गोष्ट.

आणखी दोन बारकावे सांगतो, कारण नवीन मुलांच्या कोडमध्ये हे मला दर आठवड्याला दिसतात.

पहिला. तुमच्याकडं वीस पोत्यांची चिठ्ठी आहे, माल वाढला, आता तीसची हवी. रखवालदाराकडं जाऊन तुम्ही वाढीव जागा मागता. तो नाही म्हणाला तर जुनी वीसची जागा तुमचीच राहते, माल सुरक्षित असतो. नियम चांगला आहे. पण लोक काय करतात, नवीन चिठ्ठी हातात येताच जुनी फाडून टाकतात, न वाचता. नवीनवर शून्य आहे. आता वीस पोती गोदामात पडून आहेत आणि त्यांचा नंबर कुणालाच माहीत नाही. माल तुमचा, जागा तुमची, आणि हातात काही नाही. कोडमध्ये ही एका ओळीची चूक आहे. नवीन चिठ्ठी वेगळ्या खिशात ठेवायची, वाचायची, मगच जुनी सोडायची. बस.

दुसरा गणिताचा आहे, गणिताच्या सरांनी लक्ष द्यावं. एक वस्तू ठेवायला चार बाइट लागतात, आणि वस्तू आहेत १,०७,३७,४१,८२५. गुणाकार केला तर ४,२९,४९,६७,३०० येतो. पण बत्तीस बिटांच्या हिशोबात सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. त्याच्यापुढं जुन्या वीजमीटरसारखं होतं, सगळे नऊ झाले की पुन्हा शून्यापासून. म्हणजे गुणाकाराचं उत्तर निघतं चार. प्रोग्राम चार बाइट मागतो, रखवालदार आनंदानं देतो, होकाराची खरीखुरी चिठ्ठी. आणि मग चार बाइटांच्या जागेत एकशे सात कोटी वस्तू भरायला सुरुवात होते. इथं चिठ्ठी वाचूनही उपयोग नाही, मागणीच चुकीची गेली. ओपनबीएसडी नावाच्या प्रणालीच्या मंडळींनी २०१४ मध्ये यासाठी एक वेगळी सोय काढली. गुणाकार तुम्ही करू नका, दोन्ही आकडे आमच्याकडं द्या, उत्तर मावत नसेल तर आम्हीच नाही म्हणतो. सर आपल्याला प्रत्येक भागाकाराचा ताळा करायला लावायचे आणि आपण कंटाळायचो. कंटाळणाऱ्यांत मी एकटा नव्हतो, ही साक्ष देणारे इथं पन्नास जण बसलेत.

आता तुम्ही विचाराल, आजकाल मोबाइलमध्येच आठ-आठ, बारा-बारा जीबी मेमरी असते, मग जागा संपते कशाला? हा प्रश्न आमच्या ऑफिसातली तरुण मुलंही विचारतात, आणि त्यांच्याकडं त्याहून बळकट मुद्दा असतो. ते म्हणतात, लिनक्सवर मॅलॉक सहसा नाही म्हणतच नाही. हे बऱ्याच अंशी खरं आहे, म्हणून समजून घ्यायला हवं.

अनुभवी रखवालदाराला माहीत असतं की शंभर पोत्यांची जागा मागणारा प्रत्यक्षात चाळीसच आणतो. म्हणून तो गोदामाच्या मापापेक्षा जास्त चिठ्ठ्या देऊन टाकतो. बहुतेक वेळा निभावतं. लिनक्स हेच करतं. चिठ्ठी लगेच मिळते, जागा मात्र तुम्ही प्रत्यक्ष पोतं टेकवाल तेव्हा शोधली जाते. आपल्या जिल्ह्यात हा हिशोब कुणाला समजावून सांगायची गरज नाही. मुकादम कारखान्याला इतके कोयते देतो म्हणून लिहून देतो, उचल घेतो, आणि ट्रक गावात आल्यावर त्यातले किती कोयते खरंच चढतात ते बघायचं असतं. कागदावरचे कोयते आणि फडातले कोयते यांत फरक असतो, आणि तो फरक एक दिवस कुणाच्या तरी अंगावर येतो.

लिनक्समध्ये तो दिवस आला, म्हणजे सगळे जण खरोखरच आपापली पोती घेऊन एकदम आले, तर काय होतं? तेव्हा एक यंत्रणा जागी होते, तिला ओओएम किलर म्हणतात. ती चालू प्रोग्रामांना गुण देते, साधारणपणे ज्यानं जास्त मेमरी धरली आहे त्याला जास्त गुण, आणि सर्वांत वरच्याला ठार करून त्याची जागा मोकळी करते. हे भारनियमन आहे. सगळी ग्रीड कोसळण्यापेक्षा काही फीडर बंद करा. आपण दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास अंधारात काढले आहेत, त्यामुळं फीडर कुणाचा बंद होतो हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे आपल्याला कळतं. कॉम्प्युटरवर सर्वांत जास्त मेमरी सहसा कुणी धरलेली असते? डेटाबेसनं. म्हणजे ज्याच्यासाठी तो कॉम्प्युटर विकत घेतला त्यानंच. म्हणून जाणकार माणूस आधीच लिहून ठेवतो की याला हात लावायचा नाही, किंवा क्षमतेपेक्षा जास्त चिठ्ठ्या द्यायच्याच नाहीत. दोन्ही सोयी लिनक्समध्ये आहेत.

तर "मॅलॉक कधी नाही म्हणत नाही" हे वाक्य त्या एका सेटिंगपुरतं, त्या एका प्रकारच्या यंत्रापुरतं खरं आहे. अवाढव्य मागणीला तिथंही नकार मिळतो. एखाद्या प्रोग्रामला मेमरीची मर्यादा घालून दिली असेल तर मिळतो. मोटारगाडीतल्या, इन्व्हर्टरमधल्या, दवाखान्यातल्या छोट्या यंत्रांत तर मिळतोच मिळतो.

दवाखान्यावरून आठवलं ते सांगतो, आणि हे जरा सविस्तर सांगणार आहे. गाव, दवाखाना, कंपनी, कुणाचंच नाव घेणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयातून तक्रार आली. तिथं सीटी स्कॅनच्या प्रतिमा आमच्या सॉफ्टवेअरवर साठवल्या जात. एका बाईंचा जुना स्कॅन डॉक्टरांना नव्याशी ताडून बघायचा होता, गाठ वाढली की नाही हे ठरवायचं होतं. फाइल यादीत होती. तारीख बरोबर, आकार बरोबर. उघडली तर अर्धी प्रतिमा आणि पुढं सगळं काळं. डिस्क तपासली, डिस्क चांगली. कुठल्याही नोंदवहीत एकही त्रुटी नाही. सगळं सुरळीत, फक्त आत काही नाही.

मी आणि माझी एक सहकारी, आम्ही दोघं अकरा दिवस त्याच्या मागं होतो. शेवटी सापडलं ते असं. रोज रात्री बॅकअप चालायचा आणि तेव्हा मेमरी काठोकाठ भरायची. त्याच वेळी एखादी तातडीची तपासणी झाली तर प्रतिमा डिस्कवर लिहिण्याआधी मधल्या जागेत ठेवायला मेमरी मागितली जायची, आणि ती मिळायची नाही. कोडमध्ये तपासणी होती, हे लक्षात घ्या. शून्याची चिठ्ठी वाचलेली होती. पण वाचल्यावर काय केलं? त्या ठिकाणाहून गुपचूप माघारी फिरलं. वरच्या थराला उत्तर गेलं "शून्य", आणि वरच्या थरात शून्याचा अर्थ होता "काम झालं, काही त्रुटी नाही". फाइलचा आकार आधीच वाढवून ठेवलेला. म्हणजे नोंद झाली, माल आला नाही, आणि पावती मात्र दिली गेली.

ज्यानं ते लिहिलं तो केव्हाच कंपनी सोडून गेला होता, आणि त्याला दोष देण्यात मला रस नव्हता. चाचण्या सगळ्या उत्तीर्ण होत्या. कारण चाचणीच्या यंत्रावर मेमरी भरपूर, ती ओळ तिथं आयुष्यात एकदाही चालली नव्हती. या कामात पुन्हापुन्हा दिसणारी गोष्ट हीच आहे. अडचणीच्या वेळचा रस्ता कोडमध्ये असतो, पण त्यावरून कुणी कधी गेलेलं नसतं.

दुरुस्ती चार ओळींची होती. खरं काम पुढं होतं. अशा आणखी किती फाइली? बैठकीत एक मत असं पडलं की दुरुस्ती देऊन टाकू, जुन्याचा विषय काढायला नको, कुणी मागितली तर बघू. मी आणि माझी सहकारी अडून बसलो. कारण ज्या रुग्णाचा स्कॅन गेलाय त्याला आज कळलं तर तो पुन्हा काढता येतो. दोन वर्षांनी कळलं तर तुलना कशाशी करणार? आम्ही सगळ्या साठ्यातून आतले तुकडे सलग शून्य असलेल्या फाइली शोधणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला, तो चार रात्री चालला, आणि यादी रुग्णालयाच्या हातात दिली. त्यांनी एकेका रुग्णाला फोन करून बोलावलं. ज्या बाईंपासून हे सुरू झालं त्यांना पुन्हा तपासणी करावी लागली, पुन्हा खर्च, पुन्हा ते किरण. तो खर्च नंतर कंपनीनं दिला. किरणांचं काय देणार?

तेव्हा कोसळणारा प्रोग्राम मला त्या गुपचूप माघारी फिरणाऱ्यापेक्षा कधीही चालेल. घरच्या कॉम्प्युटरवरचे बरेच प्रोग्राम मेमरी मिळाली नाही की सरळ बंद होतात, तसं ठरवूनच लिहिलेले असतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. चित्र काढायचा प्रोग्राम बंद पडला, पुन्हा उघडा. पण ज्या थरावर दुसऱ्याचा माल ठेवलेला आहे त्याला ही चैन परवडत नाही. त्यानं "झालं नाही" असं वरच्याला स्पष्ट सांगायचं, हातातलं अर्धवट काम उलट्या क्रमानं आवरायचं, जे शेवटी घेतलं ते आधी परत, जे आधी घेतलं ते शेवटी, आणि पहिल्या स्थितीत येऊन उभं राहायचं. आपल्या परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. बॉयलर जळाले नाहीत. पाणी नाही हे ओळखून संच बंद केले, आणि पाणी आल्यावर चालू करण्याची सोय राहिली. मला प्रोग्राम तसा बंद होणारा हवा.

यात एक पेच आहे, तो शेतकरी मित्रांना माझ्यापेक्षा चांगला कळेल. विहिरीवरची मोटार रिकामी झाली तर तशीच चालू करून पाणी ओढत नाही. आधी तिच्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं. पाणी काढायला पाणी लागतं. फाइल सिस्टिमचं असंच आहे. मेमरी भरली की लिनक्स म्हणतं, मेमरीतला न लिहिलेला डेटा डिस्कवर लिहा म्हणजे जागा सुटेल. पण डिस्कवर लिहायला थोडी मेमरी लागते! ती नाही म्हणून लिहिता येत नाही, लिहिता येत नाही म्हणून ती सुटत नाही. यावर उपाय मोटारीचाच. एक बादली भरून बाजूला झाकून ठेवायची आणि एरवी तिला हात लावायचा नाही. आम्ही प्रत्येक महत्त्वाच्या रस्त्यासाठी अशी राखीव मेमरी सुरुवातीलाच घेऊन ठेवतो.

लिनक्सच्या गाभ्यात याहून एक चमत्कारिक गोष्ट होती. २०१४ च्या डिसेंबरात त्यावर बरीच चर्चा झाली. गाभ्याच्या आतली छोटी मागणी, साधारण बत्तीस केबीपर्यंतची, नाकारलीच जात नसे. मिळेपर्यंत वाट बघत राहायचं. वरवर छान. पण झालं असं की एका कामानं कुलूप धरून ठेवलंय आणि ते मेमरीची वाट बघतंय. जागा करण्यासाठी ओओएम किलरनं ज्याला मारायचं ठरवलं, तो नेमका त्याच कुलपासाठी ताटकळत उभा. तो मरेना, याला जागा मिळेना, सगळं ठप्प. आणि दुसरा परिणाम म्हणजे गाभ्यात हजारो ठिकाणी लिहिलेल्या "मिळाली नाही तर" या ओळी वर्षानुवर्षं कधी चाललेल्याच नाहीत. कधीच नाही न म्हणणारा रखवालदार मला म्हणूनच आवडत नाही. अलीकडं लिनक्समध्ये रस्ट ही नवी भाषा आली, २०२२ च्या अखेरीस. ती येण्याआधी खुद्द लिनस टॉरवाल्ड्स यांनी हाच मुद्दा धरला होता की मेमरी मिळाली नाही म्हणून गाभा कोसळवणारी पद्धत इथं चालणार नाही.

आता मंगळावर जाऊ. २००४ च्या जानेवारीत नासाची स्पिरिट गाडी मंगळावर उतरली, ४ तारखेला. नव्वद दिवस चालावी अशी अपेक्षा. २१ तारखेला ती गप्प झाली. मग अधूनमधून अर्धवट संदेश. गाडी सारखी स्वतःला बंद करून चालू करत होती, साठाहून जास्त वेळा. रात्री झोपत नव्हती, बॅटरी उतरत होती. कारण काय? गाडीत १२८ एमबी मेमरी आणि डेटा ठेवायला २५६ एमबीची फ्लॅश. प्रवासात आणि उतरल्यावर फ्लॅशमध्ये हजारो फाइली जमल्या होत्या. त्या फाइलींची यादी मेमरीत ठेवावी लागे, यादी वाढत गेली. यादीनं किती मेमरी घ्यायची यावर बंधन असायला हवं होतं, ते एका सेटिंगमुळं राहिलं नाही, ती सगळ्यांच्या वाट्याची मेमरी खात सुटली. शेवटी मागणी नाकारली गेली. आणि नाकारल्यावर काय करायचं, याचं दुसरं सेटिंग होतं, मागणाऱ्याला जागच्या जागी थांबवून ठेवा. तो थांबला, त्याच्यावर अवलंबून असलेले अडले, यंत्र पुन्हा चालू झालं, चालू होताना पहिलं काम काय तर फ्लॅशमधली यादी वाचणं. पुन्हा तेच. दुरुस्त करायला कोट्यवधी किलोमीटरवर कोण जाणार? पृथ्वीवरून आज्ञा पाठवली की फ्लॅशकडं न बघता सुरू हो. झाली. मग फाइली साफ केल्या, फ्लॅश नव्यानं मांडली, आणि फेब्रुवारीत गाडी कामाला लागली. ती पुढं २०१० च्या मार्चपर्यंत बोलत होती, नव्वद दिवसांच्या जागी सहा वर्षं. ती वाचली याचं कारण, फ्लॅशशिवाय सुरू होण्याचा आडरस्ता कुणीतरी आधीच बांधून ठेवला होता. नासाच्या त्याच प्रयोगशाळेतल्या जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये अशा कोडसाठी दहा नियम मांडले, त्यात एक आहे: सुरुवात झाल्यानंतर मेमरी मागायचीच नाही. लागेल ती आधी घ्या.

हा रस्ता तपासायचा कसा? दोन पद्धती आहेत. एक, कोड न चालवता वाचून शोधायचं की शून्याची चिठ्ठी कुठं न वाचता वापरली जाते. यासाठीही प्रोग्राम असतात, आणि पुण्यात टाटांच्या संशोधन केंद्रात, जे १९८१ मध्ये सुरू झालं, असं साधन तयार झालं आहे. दुसरी पद्धत मला जास्त आवडते. तुमच्या प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस आहे. तुमचे व्हॉट्सअॅपचे संदेश त्यातच असतात. त्याची चाचणी करताना खऱ्या रखवालदाराच्या जागी खोटा बसवतात. तो पहिल्याच मागणीला नाही म्हणतो. बघायचं, डेटा शाबूत आहे का, काही जागा अडकून पडली का. मग पुन्हा सुरुवातीपासून, आता दुसऱ्या मागणीला नाही. मग तिसऱ्या. सगळं काम नकाराशिवाय पार पडेपर्यंत हे चालू. म्हणजे अडचणीचा एकेक रस्ता मुद्दाम चालून बघतात. रुग्णालयाच्या त्या प्रकारानंतर आम्हीही हेच सुरू केलं. पहिल्या आठवड्यात इतक्या चुका निघाल्या की आकडा इथं सांगत नाही.

वेळ संपत आली आहे, संयोजक घड्याळ दाखवत आहेत. एक शेवटचं, कामाचं. मुख्याध्यापक बाईंशी माझं बोलणं झालं आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी आठ दिवस शाळेत येणार आहे, नववी-दहावीच्या ज्या मुलामुलींना सी शिकायची आहे त्यांच्यासाठी, सकाळी आठ ते अकरा. सहा जुने कॉम्प्युटर पुण्याहून पाठवले आहेत, ते परवा पोचले. त्यांच्यात मेमरी फक्त ५१२ एमबी आहे, आणि कुणी देणगी म्हणून ती वाढवून देऊ म्हणत असेल तर कृपा करून देऊ नका. ती मी मुद्दाम कमी ठेवली आहे. द्यायचंच असेल तर इन्व्हर्टर द्या, लॅबमध्ये दुपारनंतर वीज राहत नाही असं बाई सांगत होत्या. आणि आठ दिवस माझ्या जेवणाचं कुणाकडं, ते आपसात ठरवून मला कळवा.